मेमरीत राहणारी फाइल सिस्टीम: टीएमपीएफएसविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स वापरणाऱ्यांकडून मेमरीतल्या फाइल सिस्टीमविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः सिस्टीमडी (सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी प्रणाली) असलेल्या डेबियन आणि फेडोरासारख्या वितरणांना धरून दिली आहेत. बीएसडी (युनिक्सची एक शाखा) आणि मॅकओएससाठी प्रश्न २० पाहावा. कमांड, पर्याय आणि डिरेक्टरींची नावे येथे देवनागरीत लिहिली असली, तरी टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच द्यावी लागतात. 'टीएमपी', 'एमएनटी' अशी सुटी अक्षरे दिसतील तेथे त्या त्या रोमन अक्षरांचा संच समजावा.

१. मेमरीवर आधारित फाइल सिस्टीम म्हणजे नेमके काय?

आपण फाइल लिहितो तेव्हा ती डिस्कवर जाण्याआधी काही काळ कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्येच असते आणि सवडीने डिस्कवर उतरवली जाते. मेमरीवर आधारित फाइल सिस्टीममध्ये हा दुसरा टप्पाच नसतो. फाइल पेज कॅशमध्ये जन्मते आणि तेथेच राहते. तिच्यामागे कोणतीही डिस्क नसते. त्यामुळे संगणक बंद झाला, पुन्हा सुरू झाला किंवा ती फाइल सिस्टीम अनमाउंट केली (डिरेक्टरीवरून उतरवली) की आतले सर्व काही जाते. ते परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नसतो, हे सुरुवातीलाच स्पष्ट असावे.

ही कल्पना नवी नाही. मॅकक्युसिक, केरल्स आणि बॉस्टिक यांनी बीएसडीसाठी केलेल्या अशा फाइल सिस्टीमचे वर्णन १९९० मध्ये प्रसिद्ध केले. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिसमध्ये २.१ या आवृत्तीपासून /टीएमपी ही डिरेक्टरी मुळातच मेमरीत असे. लिनक्समध्ये टीएमपीएफएस हे नाव २००१ साली आलेल्या २.४ कर्नलपासून रूढ झाले.

२. टीएमपीएफएस, रॅमएफएस आणि रॅमडिस्क हे एकच आहे का?

नाही, आणि या तिघांची गल्लत केल्यामुळेच बऱ्याच अडचणी उभ्या राहतात.

रॅमएफएस ही सर्वांत साधी. तिला आकाराची मर्यादा घालता येत नाही आणि तिच्यातला मजकूर स्वॅपमध्ये (रॅम अपुरी पडल्यास वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेत) जात नाही. एखाद्या प्रोग्रामने तिच्यात अखंड लिहीत राहायचे ठरवले, तर संगणक गुदमरेपर्यंत त्याला कोणी अडवणार नाही. टीएमपीएफएस ही तिचीच सुधारलेली आवृत्ती आहे. तिला आकाराची आणि फाइलींच्या संख्येची मर्यादा असते, आणि मेमरीची चणचण भासली की तिच्यातली पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) कर्नल स्वॅपमध्ये हलवू शकतो.

रॅमडिस्क हा प्रकार मात्र वेगळा आहे. बीआरडी हे मॉड्यूल /डेव्ह/रॅम० सारखे एक ब्लॉक उपकरण तयार करते, ज्यावर ईएक्सटी४ किंवा अन्य फाइल सिस्टीम स्वतः बनवावी लागते. तेथे मजकुराची एक प्रत उपकरणाच्या मेमरीत आणि दुसरी पेज कॅशमध्ये अशी दुहेरी जागा जाऊ शकते. एखाद्या फाइल सिस्टीमचीच चाचणी घ्यायची असेल, तर रॅमडिस्क योग्य. रोजच्या कामाला टीएमपीएफएसच वापरावी. पुढील उत्तरांत 'मेमरीतली फाइल सिस्टीम' म्हणजे टीएमपीएफएस असे समजावे.

३. मी कधीच काही माउंट केले नाही. तरी माझ्या संगणकावर ती आहे का?

बहुतेक नक्कीच आहे. 'फाइंडएमएनटी -टी टीएमपीएफएस' ही कमांड चालवून पाहावी. /रन ही डिरेक्टरी मेमरीत असते, कारण चालू सेवांचे प्रक्रिया क्रमांक आणि सॉकेट संगणक बंद झाल्यावर उरण्यात काही अर्थ नसतो. /डेव्ह/एसएचएम ही प्रोग्रामांनी आपसांत मेमरी वाटून घेण्यासाठी असते. प्रत्येक लॉगिन केलेल्या वापरकर्त्यासाठी /रन/यूझर खाली त्याच्या क्रमांकाची एक लहान फाइल सिस्टीम उभी राहते, जिची कमाल मर्यादा सहसा रॅमच्या १० टक्के असते.

/टीएमपीचे उत्तर वितरणावर अवलंबून आहे. फेडोराने ती २०१३ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीपासून मेमरीत नेली, तर डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीत. डेबियन १२ वरून १३ वर आलेल्या अनेकांना हा बदल तेव्हाच कळतो जेव्हा काहीतरी अडते. त्यासाठी प्रश्न १० पाहावा.

४. नवी फाइल सिस्टीम कशी उभी करायची?

आधी एक रिकामी डिरेक्टरी तयार करावी, उदाहरणार्थ /एमएनटी/रॅम, आणि मग रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून पुढील कमांड द्यावी:

माउंट -टी टीएमपीएफएस -ओ साइझ=१जी,मोड=०७००,यूआयडी=१००० टीएमपीएफएस /एमएनटी/रॅम

फॉरमॅट करावे लागत नाही आणि विभाजनही लागत नाही. कमांड संपताक्षणी डिरेक्टरी वापरायला तयार असते. शेवटून दुसरा शब्द हा एरवी जेथे डिस्कचे नाव येते तेथे आला आहे. येथे डिस्कच नसल्यामुळे त्या जागी काहीही लिहिले तरी चालते. एकाच संगणकावर अशा तीन-चार फाइल सिस्टीम असतील, तर त्या जागी 'बिल्ड' किंवा 'चाचणी' अशा अर्थाचे रोमन नाव द्यावे, म्हणजे जागेचा वापर दाखवणाऱ्या डीएफ कमांडच्या यादीत त्या ओळखू येतात.

मोड दिला नाही तर मूळ डिरेक्टरीला १७७७ हे अधिकार मिळतात, म्हणजे कोणीही लिहू शकतो, मात्र दुसऱ्याची फाइल पुसू शकत नाही. सामायिक संगणकावर एकट्याच्या कामासाठी जागा हवी असेल, तर वर दिल्याप्रमाणे मोड आणि यूआयडी (मालकाचा वापरकर्ता क्रमांक) आवर्जून द्यावेत.

५. संगणक सुरू होताना ती आपोआप उभी राहावी यासाठी काय करावे?

/ईटीसी/एफएसटॅब या फाइलीत एक ओळ घालावी:

टीएमपीएफएस /एमएनटी/रॅम टीएमपीएफएस नोसुइड,नोडेव्ह,साइझ=१जी,मोड=१७७७ ० ०

शेवटची दोन शून्ये महत्त्वाची आहेत, कारण या फाइल सिस्टीमची तपासणी करण्यासारखे किंवा बॅकअप घेण्यासारखे काही नसते. ओळ लिहिल्यावर लगेच रीबूट करू नये. आधी 'माउंट -ए' देऊन ती बिनचूक चालते का ते पाहावे. एफएसटॅबमधली एक चूक संगणकाला आणीबाणीच्या शेलमध्ये नेऊन ठेवते, आणि दूरच्या सर्व्हरवर ती निस्तरणे फार त्रासाचे होते.

नोएक्झेक (तेथून प्रोग्राम चालवण्यास मनाई) हा पर्याय अनेक मार्गदर्शिका सरसकट सुचवतात. /टीएमपीवर तो लावण्यापूर्वी विचार करावा, कारण काही इन्स्टॉलर आणि बिल्ड प्रणाली आपल्या स्क्रिप्ट तेथेच उलगडून तेथूनच चालवतात आणि मग 'परमिशन डिनाइड' म्हणून थांबतात.

६. आकार किती ठेवावा? १ जीबी लिहिले तर १ जीबी रॅम लगेच अडकते का?

लगेच अडकत नाही. आकार ही वरची मर्यादा आहे. ती राखीव जागा नव्हे. रिकामी टीएमपीएफएस जवळजवळ काहीच मेमरी घेत नाही, फाइली येतील तशी ती वाढते आणि फाइली पुसल्या की घटते.

आकार दिलाच नाही, तर मर्यादा प्रत्यक्ष रॅमच्या निम्मी धरली जाते. स्वॅप त्यात मोजला जात नाही. साइझ=२५% असे टक्क्यांतही लिहिता येते, आणि निरनिराळ्या क्षमतेच्या यंत्रांवर एकच एफएसटॅब न्यायची असेल तर तेच सोयीचे. साइझ=० म्हणजे 'शून्य जागा' असे वाटते, पण त्याचा अर्थ अमर्याद असा होतो; ते कधीही लिहू नये.

प्रत्येक फाइल सिस्टीमची मर्यादा स्वतंत्र असते, ही गोष्ट मात्र सहज निसटते. /टीएमपीला ५० टक्के, /डेव्ह/एसएचएमला ५० टक्के आणि आपण उभ्या केलेल्या तिसरीला ५० टक्के अशी बेरीज १५० टक्क्यांवर गेली, तरी कर्नल हरकत घेत नाही. सर्व मर्यादांची बेरीज करावी, आपल्या नेहमीच्या प्रोग्रामांना लागणारी मेमरी तीत मिळवावी, आणि एकूण आकडा रॅमच्या आत बसतो का ते पाहावे. बसत नसेल तर काय होते, यासाठी प्रश्न ११ पाहावा.

७. आत फाइली असताना आकार बदलता येतो का?

येतो. 'माउंट -ओ रीमाउंट,साइझ=२जी /एमएनटी/रॅम' असे द्यावे. फाइलींना धक्का लागत नाही. सध्या वापरात असलेल्या जागेपेक्षा लहान आकार मागितला, तर कर्नल नकार देतो.

८. फाइली किती मेमरी खात आहेत ते कोठे दिसते? 'फ्री' या कमांडमध्ये तर ती कॅश म्हणून दिसते.

ही तक्रार रास्त आहे, कारण आकडे खरोखरच फसवे आहेत. स्वतः करून पाहिले की ते पक्के कळते. एका टर्मिनलवर 'फ्री -एच' द्यावी आणि आकडे लिहून ठेवावेत. मग डीडी या कमांडने /डेव्ह/झीरोमधून /एमएनटी/रॅममध्ये ५१२ एमबीची फाइल लिहावी आणि पुन्हा 'फ्री -एच' द्यावी. 'शेअर्ड' हा स्तंभ सुमारे ५१२ एमबीने वाढलेला दिसेल, 'बफ/कॅश'ही तितकाच वाढेल, आणि 'अव्हेलेबल' तेवढाच घटेल.

कॅश म्हणजे गरज पडली की मोकळी होणारी मेमरी, असे आपण शिकलेलो असतो. डिस्कवरच्या फाइलींच्या कॅशबाबत ते खरे आहे, कारण मूळ प्रत डिस्कवर असते. टीएमपीएफएसची पाने त्याच रकान्यात मोजली जातात, पण तीच एकमेव प्रत असल्याने ती टाकून देता येत नाहीत. फार तर स्वॅपमध्ये जातात. कॅश रिकामी करण्याची 'ड्रॉप कॅशेस' ही युक्तीही त्यांना हात लावत नाही. म्हणून कॅशचा मोठा आकडा पाहून निश्चिंत राहू नये. 'शेअर्ड' आणि 'अव्हेलेबल' हे दोन स्तंभ पाहावेत, आणि कोणत्या माउंटमध्ये किती आहे ते 'डीएफ -एच -टी टीएमपीएफएस' देऊन तपासावे.

९. खरोखर वेग वाढतो का?

काही कामांत फार वाढतो, काहींत जराही नाही. पुन्हा पुन्हा वाचली जाणारी फाइल डिस्कवर असली तरी पहिल्या वाचनानंतर पेज कॅशमध्येच असते; ती टीएमपीएफएसमध्ये हलवून काही हाती लागत नाही. कंपाइल करण्यासारख्या कामात वेळ मुख्यतः प्रोसेसर घेतो, त्यामुळे तेथेही चांगल्या एसएसडीवर फरक किरकोळ असतो.

खरा लाभ लिहिण्यात आहे. हजारो लहान फाइली बनवून लगेच पुसणारे काम, किंवा प्रत्येक पावलाला एफसिंक (मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री) मागणारे काम, टीएमपीएफएसवर एकदम हलके होते, कारण येथे एफसिंक म्हणजे काहीच करायचे नसते. जर्नल (बदलांची नोंदवही) नाही आणि डिस्कची वाटही पाहायची नाही. दुसरा लाभ झिजेचा: मेमरी कार्डावर चालणाऱ्या लहान यंत्रांत लेखन वाचवणे हे वेगापेक्षाही मोलाचे असते. आपले काम कोणत्या गटात बसते, ते दोन्हीकडे तीन-तीन वेळा चालवून मोजावे. पहिले वाचन नेहमी हळू असते, म्हणून एकदाच केलेल्या मोजणीवर विश्वास ठेवू नये.

१०. वितरण अद्ययावत केल्यापासून मोठी कामे 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणून मध्येच थांबतात. डिस्कवर तर भरपूर जागा आहे.

/टीएमपी आता मेमरीत आहे का, हे आधी पाहावे. हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. ८ जीबी रॅमच्या संगणकावर मराठी मजकुराच्या सुमारे ६ जीबीच्या फाइलीतून शब्दयादी लावण्याचे काम चालू होते. सॉर्ट ही कमांड मेमरीत न मावणारा मजकूर तुकड्यातुकड्यांनी लावते, ते तुकडे तात्पुरत्या फाइलींत ठेवते आणि शेवटी एकत्र विणते. त्या तात्पुरत्या फाइली /टीएमपीत जातात, आणि माझ्या /टीएमपीची मर्यादा रॅमच्या निम्मी, म्हणजे ४ जीबीच्या आसपास होती. काम अर्ध्यावर बंद पडलेच, शिवाय तोवर त्या तुकड्यांनी निम्मी मेमरी व्यापल्यामुळे ब्राउझरही रांगू लागला होता.

उपाय सोपा आहे. सॉर्टला '-टी /व्हार/टीएमपी' द्यावे (हा टी रोमन मोठ्या लिपीतला), किंवा टीएमपीडीआयआर हे परिवेशचल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) /व्हार/टीएमपीवर ठेवावे. पुष्कळ प्रोग्राम ते मानतात. परंपरेने वाटणी अशी आहे की /टीएमपी लहान आणि क्षणिक फाइलींसाठी, तर /व्हार/टीएमपी मोठ्या आणि रीबूटनंतरही टिकायला हव्यात अशा फाइलींसाठी. म्हणूनच /व्हार/टीएमपीवर टीएमपीएफएस कधीही चढवू नये.

डिस्कवरची जुनी व्यवस्थाच हवी असेल, तर 'सिस्टीमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट' देऊन रीबूट करावे. फक्त मर्यादा बदलायची असेल, तर /टीएमपीची स्वतःची ओळ एफएसटॅबमध्ये लिहावी. ती सिस्टीमडीच्या मूळ व्यवस्थेवर मात करते. नव्याने बसवलेल्या डेबियन १३ मध्ये /टीएमपीतल्या १० दिवसांहून आणि /व्हार/टीएमपीतल्या ३० दिवसांहून जुन्या फाइली आपोआप पुसल्या जातात, हेही ध्यानात असू द्यावे.

११. टीएमपीएफएसने सगळी मेमरी खाल्ली तर काय होते?

आधी तिची पाने स्वॅपमध्ये जातात आणि संगणक मंदावतो. स्वॅपही भरला, किंवा मुळात नसलाच, की कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रक्रिया मारणारी यंत्रणा) जागा होतो आणि एखादी मोठी प्रक्रिया मारतो. अडचण अशी की प्रक्रिया मेली तरी तिने टीएमपीएफएसमध्ये लिहिलेल्या फाइली मरत नाहीत. किलर एकामागून एक निरपराध प्रोग्राम बंद करत जातो आणि मेमरी मात्र अडकलेलीच राहते. कर्नलचे दस्तऐवज यातून यंत्र पूर्ण ठप्प होऊ शकते असा स्पष्ट इशारा देतात. म्हणून मर्यादा जपून ठरवावी, असे प्रश्न ६ मध्ये इतक्या आग्रहाने म्हटले आहे. असा प्रसंग आलाच आणि टर्मिनल अजून हाती असेल, तर प्रक्रिया मारण्याच्या मागे न लागता टीएमपीएफएसमधल्या मोठ्या फाइली पुसाव्यात.

१२. डीएफमध्ये निम्मी जागा रिकामी दिसते, तरीही 'जागा नाही' असे का येते?

'डीएफ -आय' देऊन पाहावे. बहुधा आयनोड संपलेले असतील. प्रत्येक फाइलीला आणि डिरेक्टरीला एक आयनोड लागतो, आणि त्यांची मर्यादा वेगळी दिली नसेल तर रॅममधल्या एकूण पानांच्या निम्मी असते. ८ जीबी रॅममध्ये ४ केबीची सुमारे २० लाख ९७ हजार पाने होतात, म्हणून फाइली सुमारे १० लाख ४८ हजार मावतात. एनआर_आयनोड्स या पर्यायाने ती मर्यादा रीमाउंट करतानाही वाढवता येते.

याची उलट बाजूही असते. टीएमपीएफएस जागा पानाच्या हिशेबाने देते, त्यामुळे एका अक्षराची फाइलही ४ केबी व्यापते. लाखभर चिमुकल्या फाइलींचा एकूण मजकूर १० एमबी असला, तरी त्या जवळपास ४०० एमबी घेतात, आणि आयनोडांना लागणारी कर्नलची मेमरी त्याहून वेगळी.

१३. माउंट केल्यावर त्या डिरेक्टरीतल्या माझ्या जुन्या फाइली गायब झाल्या!

त्या सुरक्षित आहेत. माउंट केलेली फाइल सिस्टीम डिरेक्टरीवर झाकणासारखी बसते. अनमाउंट केले की खालचे सर्व जसेच्या तसे दिसते. अनमाउंट करणे शक्य नसेल, जसे चालू संगणकाच्या /टीएमपीबाबत, तर 'माउंट --बाइंड / /एमएनटी' द्यावे आणि /एमएनटी/टीएमपीत डोकवावे. तेथे वर्षानुवर्षांच्या विसरलेल्या फाइली सापडतात, आणि त्या डिस्कची जागा अडवून असतात. पाहून झाल्यावर /एमएनटी अनमाउंट करण्यास विसरू नये.

१४. वीज गेली तरी मजकूर वाचावा यासाठी काही करता येते का?

पूर्ण हमी मिळत नाही. संगणक नीट बंद होत असेल तेव्हा मजकूर डिस्कवर उतरवून घेणे आणि सुरू होताना परत आणणे एवढे करता येते. त्यासाठी सिस्टीमडीची एक 'वनशॉट' सेवा लिहावी, जी सुरू होताना आरसिंक या नक्कल करणाऱ्या कमांडने डिस्कवरची प्रत मेमरीत आणेल आणि थांबताना उलट नेईल. सेवेत 'रिमेन आफ्टर एक्झिट' आणि 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' या दोन नोंदी हव्यातच. दुसरी नसेल तर बंद होताना सेवेआधीच फाइल सिस्टीम अनमाउंट होऊ शकते. मधल्या काळासाठी दर १५ मिनिटांनी प्रत उतरवणारा टायमर जोडला, तर वीज गेल्यास नुकसान तेवढ्यापुरते राहते.

येथे एक घातक फट आहे. परत आणण्याचे पाऊल काही कारणाने चुकले, मेमरीतली डिरेक्टरी रिकामी राहिली आणि टायमरने '--डिलीट'सह आरसिंक चालवला, तर ती रिकामी डिरेक्टरी डिस्कवरच्या एकुलत्या एका प्रतीवर उमटते आणि सर्व पुसले जाते. यावर उपाय म्हणून परत आणणे यशस्वी झाल्यावरच मेमरीत एक खुणेची फाइल बनवावी, आणि ती खूण नसेल तर उतरवणाऱ्या स्क्रिप्टने काहीही न करता थांबावे. ही चार ओळींची तपासणी मी प्रत्येक ठिकाणी घालतो. गमावल्यास चालणार नाही असा मजकूर मात्र मुळात येथे ठेवूच नये.

१५. रास्पबेरी पायचे कार्ड झिजू नये म्हणून /व्हार/लॉग मेमरीत नेले, तर आता वेब सर्व्हर सुरूच होत नाही.

सर्व्हरला स्वतःची उपडिरेक्टरी, उदाहरणार्थ /व्हार/लॉग/एनजिनएक्स, तयार असावी लागते. ती पॅकेज बसवताना एकदाच बनलेली असते, आणि मेमरीतली /व्हार/लॉग दर वेळी कोरी उठते. /ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी मध्ये त्या डिरेक्टरीची मालकी आणि अधिकार सांगणारी एक ओळ लिहावी, म्हणजे सिस्टीमडी सेवा सुरू होण्यापूर्वी ती बनवून ठेवते.

केवळ सिस्टीमडीच्या जर्नलचे (संगणकाच्या नोंदींचे) लेखन वाचवायचे असेल, तर एवढा खटाटोपही नको. जर्नलडीच्या मांडणीत 'स्टोरेज=व्होलाटाइल' लिहिले की नोंदी /रनमध्ये राहतात, आणि 'रनटाइम मॅक्स यूझ' या नोंदीने त्यांना लगाम घालता येतो. बिघाडाचे कारण शोधताना रीबूटपूर्वीच्या नोंदी मिळणार नाहीत, ही त्याची किंमत आहे. ज्या यंत्राला अधूनमधून बिघाड होतो त्यावर हे करू नये.

१६. पासवर्ड आणि किल्ल्या येथे ठेवल्या तर त्या डिस्कवर कधीच जात नाहीत ना?

तसे गृहीत धरू नये. टीएमपीएफएसची पाने स्वॅपमध्ये जातात, आणि स्वॅप कूटबद्ध नसेल तर तुमचा पासवर्ड डिस्कवर उघडा पडतो. कर्नल ६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून, माउंट करताना 'नोस्वॅप' हा पर्याय देता येतो. डेबियन १३ च्या ६.१२ या कर्नलमध्ये तो चालतो. डेबियन १२ च्या ६.१ मध्ये चालत नाही. तेथे कूटबद्ध स्वॅप वापरावा, किंवा फक्त रूटला लिहिता येईल अशी रॅमएफएस उभी करावी, तिला मर्यादा नसते हे लक्षात ठेवून.

याखेरीज हायबरनेशन उरतेच. संगणक हायबरनेट होताना मेमरीची संपूर्ण प्रतिमा डिस्कवर लिहिली जाते, आणि त्यातून नोस्वॅपही सुटत नाही, रॅमएफएसही नाही. साध्या सस्पेंडमध्ये मजकूर रॅममध्येच राहतो.

१७. कंटेनरमध्ये प्रोग्राम 'बस एरर' देऊन पडतो. बाहेर मात्र नीट चालतो.

डॉकर ही कंटेनर (प्रोग्रामसाठी वेगळी बंदिस्त जागा) चालवणारी प्रणाली असून, ती कंटेनरमधल्या /डेव्ह/एसएचएमला मूळ मर्यादा केवळ ६४ एमबी देते. प्रोग्राम तेथे मोठी फाइल बनवून ती मेमरीत मॅप करतो. फाइल बनवताना चूक येत नाही, कारण ती विरळ असते आणि पाने प्रत्यक्ष लिहितानाच मागितली जातात. ६४ एमबी संपल्यावर पुढचे पान मिळत नाही, आणि मॅप केलेल्या मेमरीत 'जागा नाही' असे सांगण्याची सोय नसल्यामुळे कर्नल सिगबस हा संकेत पाठवतो. क्रोम ब्राउझर आणि पायटॉर्चचे अनेक कामगार-प्रक्रिया असलेले डेटालोडर येथे हमखास अडकतात. कंटेनर सुरू करताना '--एसएचएम-साइझ=१जी' द्यावे.

कंटेनरच्या आत लिहिलेली टीएमपीएफएस त्या कंटेनरच्याच मेमरी मर्यादेत मोजली जाते. कुबरनेटीसमधल्या मेमरी माध्यमाच्या एम्प्टीडीआयआरलाही हाच नियम लागू आहे. मर्यादा ठरवताना दोन्हींची बेरीज धरावी.

१८. चाचण्यांसाठी डेटाबेस मेमरीत ठेवला तर चालेल का?

चाचणी संपल्यावर फेकून द्यायचा अख्खा डेटाबेस असेल, तर उत्तम चालतो. कर्नल ६.६ पूर्वी टीएमपीएफएसवर ओ_डायरेक्ट हा पेज कॅश टाळून वाचण्या-लिहिण्याचा प्रकार चालत नसे, त्यामुळे जुन्या कर्नलवर मायएसक्यूएलच्या नोंदींत त्याविषयीची सूचना दिसू शकते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये फक्त एखादी टेबलस्पेस (तक्ते ठेवण्याची जागा) मेमरीत आणि बाकी सारे डिस्कवर अशी विभागणी मात्र करू नये. ती टेबलस्पेस नाहीशी झाली की संपूर्ण क्लस्टर (त्या सर्व्हरचे सर्व डेटाबेस) सुरू होण्यास नकार देऊ शकतो, आणि त्यांच्या दस्तऐवजांतही तसा इशारा आहे.

१९. अनमाउंट करताना 'टार्गेट इज बिझी' येते, किंवा फाइली पुसूनही मेमरी सुटत नाही.

दोन्हींमागे एकच कारण असते: कोणीतरी आतली फाइल उघडी धरून बसले आहे. 'एफयूझर -व्हीएम /एमएनटी/रॅम' किंवा एलएसओएफ देऊन ती प्रक्रिया शोधावी. पुष्कळदा ते आपलेच दुसरे टर्मिनल असते, जे त्या डिरेक्टरीत उभे असते. पुसलेली पण उघडी असलेली फाइल यादीत दिसत नाही, तरी तिची पाने शेवटची प्रक्रिया ती बंद करेपर्यंत मेमरीत राहतात. '-एल' देऊन केलेले आळशी अनमाउंट केवळ नाव काढून टाकते, मेमरी सोडवत नाही.

२०. रूटचे अधिकार नसतील, किंवा लिनक्सच नसेल तर?

रूट नसताना /डेव्ह/एसएचएम किंवा एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर या चलात दिलेली आपली डिरेक्टरी वापरता येते. दोन्ही आधीच मेमरीत असतात. त्यांतली दुसरी आपले शेवटचे लॉगिन संपले की पुसली जाते.

फ्रीबीएसडीवर टीएमपीएफएस जवळजवळ अशीच वापरता येते. ती २००५ मध्ये नेटबीएसडीसाठी गुगलच्या उन्हाळी उपक्रमात लिहिली गेली आणि तेथून आली. तेथे एमडीएमएफएसने मेमरीतली डिस्कही उभी करता येते, पण तिचा 'मॅलॉक' प्रकार मेमरी संपल्यास कर्नलच कोसळवू शकतो, म्हणून 'स्वॅप' प्रकारच निवडावा. ओपनबीएसडीने आपली टीएमपीएफएस २०१६ मध्ये ६.० आवृत्तीत बंद केली, त्यामुळे तेथे 'माउंट_एमएफएस -एस ५१२एम स्वॅप /टीएमपी' असे द्यावे लागते. एफएसटॅबमध्ये प्रकार एमएफएस लिहावा.

मॅकओएसवर 'एचडीआययूटिल अटॅच -नोमाउंट रॅम://२०९७१५२' दिल्यास १ जीबीचे उपकरण मिळते, कारण तो आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरांचा असतो. छापून आलेले उपकरणाचे नाव घेऊन ते डिस्कयूटिलने फॉरमॅट करावे, आणि काम झाल्यावर 'इजेक्ट' करावे, तेव्हाच ती मेमरी मोकळी होते.